आतून कडी

मंगल कार्यालयात पाय ठेवला की माझी नजर आधी दुसरं दार शोधते. बायको वैतागते. "लोक नवरी बघतेत, पंगत बघतेत, तुमी कामून भिंती बघायलाव?" म्हणते. तिचंही बरोबर आहे. पण ही खोड मूळची माझी नव्हे, कातकडेबाईंची. बाई गाव सोडून गेल्या आणि ही खोड आमच्या घरी ठेवून गेल्या.

सोनपेठला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात बाई आमच्याबरोबर होत्या. आत शिरताच त्यांनी कार्यालयाच्या मॅनेजरला गाठलं. "दुसरं दार कुठंय?" तो म्हणाला, जनरेटरच्या मागं आहे. बाईंनी जाऊन बघितलं, तर दारासमोर छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या. बाहेर वरात आलेली, बँड वाजतोय, आणि बाई दोन पोऱ्यांना हाताशी धरून खुर्च्या हलवायला लागलेल्या. नवरदेवाला घोड्यावरून उतरून थोडं थांबावं लागलं. दार मोकळं झालं, बाईंनी ते एकदा उघडून लावून बघितलं, आणि मग पंगतीत बसून दोन वाट्या बासुंदी प्यायल्या. "आधी बघून ठेवावं, मंग बसावं," असं त्यांचं म्हणणं. सासरच्या बायका मला महिनाभर विचारत होत्या, ती आगीची बाई कोण म्हणून.

पण बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. आधी त्या नेमक्या उलट होत्या. आधी त्या कुलपाच्या बाई होत्या.

आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूला, डोंगराच्या उतरणीला. तिथल्या शाळेत मी गणित शिकवतो, आणि शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं, त्याच्या बाई अधीक्षिका. दसरा आटोपला की आमच्याकडची निम्मी घरं बंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते गोळा करून मुकादम टोळी बांधतो आणि ट्रक उसाच्या मुलखाला निघतात. पाडव्यापर्यंत गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या. तोवर वयात आलेल्या पोरीचं करायचं काय, हा प्रत्येक घरातला प्रश्न. एक तर तिला बरोबर न्यायचं, म्हणजे शाळा सुटली. नाहीतर उरकून टाकायचं, म्हणजे सगळंच सुटलं. नाहीतर कातकडेबाईंकडे ठेवायचं.

बाई मूळच्या पेडगावच्या. बुटक्या, अंगाने भक्कम, चालणं मात्र असं की मागून येणाऱ्याला धापच लागावी. चहा बशीत ओतून अर्धा समोरच्याला द्यायच्या, त्याला हवा असो नसो. प्रार्थना सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायच्या आणि सगळ्यात बेसूर. पोरीला नुसत्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत, नावापुढं 'माय' यायचंच. "आरती माय, केस बांध. पूजा माय, तोंड धू." आणि रागावल्या की फक्त 'माय' राहायचं, नाव गळून पडायचं. तेव्हा पोरी समजून जायच्या.

पदराच्या टोकाला किल्ली. कुलूप पितळी, मुठीएवढं. ते लावलं की बाई तीनदा ओढून बघायच्या. मग ती सवय हाताला अशी लागली की दुसऱ्याचं कुलूप दिसलं तरी हात जायचा. रविवारी गंगाखेडला बाजारला गेल्या तर बँकेच्या शटरचं कुलूप ओढून बघितलं. समोरच्या टपरीवरचा शिपाई धावत आला. बाईंनी त्यालाच झापलं, "ढिलं हाय तुमचं. सायबाला सांगा."

या कुलपाचा आमच्याकडे एक रिवाज पडला होता. दसऱ्याला घरी नेलेल्या पोरीला टोळी निघायच्या आदल्या दिवशी आईबाप आणून सोडायचे. ट्रंक वर गेली, अंथरूण वर गेलं, की बाप म्हणायचा, "बाई, लावा बरं एकदा." भर दुपारी बाई सगळ्या पोरींना वर पाठवून जिन्याच्या तोंडाचं चॅनल गेट ओढायच्या आणि कुलूप ठोकायच्या. बाप पुढे होऊन स्वतःच्या हाताने ते ओढून बघायचा. मग मान हलवायचा. मग कुलूप निघायचं, पोरगी खाली यायची, आणि मग रडारड, निरोप. आधी कुलूप, मग निरोप. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण याच्यात कधी फरक पडला नाही. कुलूप ओढलेला बाप ट्रकमध्ये निवांत बसायचा. बाईंनाही त्याचा मोठा अभिमान. "इतक्या वर्षांत एक पोरगी इकडची तिकडं झाली न्हाई," हे त्या मला निदान शंभरदा म्हणाल्या असतील.

मग तपासणी आली.

लांब कुठल्यातरी वसतिगृहात काहीतरी झालं होतं म्हणे, म्हणून वरून हुकूम सुटला होता, सगळ्या इमारती बघा. आमच्याकडे तपासणी म्हणजे पोहे, नारळ, शाल आणि सही, हा क्रम सगळ्यांना पाठ. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांचं कापसाचं जिनिंग आहे. त्यांनी शाल इस्त्री करून आणली होती. पण आलेला इंजिनियर तरुण निघाला आणि त्याने शाल घेतली नाही. दादांचा चेहरा तिथेच उतरला.

साहेब सगळं फिरून आला. वर जायला जिना एकच, जिन्याखालीच स्वयंपाकघर, तिथेच गॅसच्या टाक्या. खिडक्यांना पक्के गज. गेटाला आतल्या बाजूने पत्रा ठोकलेला. बाहेरच्या पोरांनी डोकावू नये म्हणून पालकांनीच मागे लागून तो ठोकून घेतला होता.

"रात्री हे कुलूप कोण उघडतं?" साहेबाने विचारलं.

"मीच की. गेटाला लागूनच झोपते. किल्ली पदराला असती."

"बरं. तुम्ही जरा मुलींसोबत वर जा."

बाई वर गेल्या. साहेबाने गेट ओढलं आणि कुलूप दाबलं. मग मोठ्याने म्हणाला, "बाई, समजा स्वयंपाकघर पेटलंय. मुलींना घेऊन खाली या."

आधी वरून हसण्याचा आवाज आला. पोरींना वाटलं, खेळ आहे. मग पावलं खाली आली आणि पत्र्यावर थाप पडली.

"साहेब, काढा की कुलूप."

"मी इथे नाहीच बाई. तुम्ही रोज जिथे झोपता तिथे आज कुणीच नाही. ते माणूस बाजारला गेलंय."

पत्र्याच्या पलीकडे किल्ली खुळखुळली. किल्ली पदरालाच होती, पण कुलूप पत्र्याच्या या बाजूला, आणि मध्ये हात घालायला जागा नाही. वरचं हसणं थांबलं. तेवढ्यात एक बारीक आवाज आला, "बाई, आता?"

तो आरतीचा आवाज. आठवीतली पोर, हाडाने चिमणीएवढी, पण तोंडी हिशेबात माझ्याही पुढे. शेवटी बाईंनी गेटाखालच्या फटीतून किल्ली बाहेर सरकवली आणि साहेबाने कुलूप काढलं. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर घाम होता. साहेब खजील होऊन म्हणाला, "माफ करा बाई. सांगून पटत नाही कुणाला."

संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा बशीत ओतला, अर्धा मला दिला, आणि स्वतःचा तसाच गार करत बसल्या. मग म्हणाल्या, "सर, इतकी वर्सं ते कुलूप मी भायेरूनच बघितलं वो. आतून कसं दिसतंय ते आज कळलं." आणि पुढे म्हणाल्या, "आतून ते दिसतच न्हाई."

नोटीस आली. मुदतीत त्रुटी दूर करा, नाहीतर वसतिगृह बंद. आग विझवायच्या लाल टाक्या बसवा, गॅस बाहेर काढा, गेटाचं कुलूप काढा, आणि वरच्या मजल्याला दुसरी वाट करा, आतून सहज उघडेल अशी. दादांनी नोटीस वाचली आणि शांतपणे समजावलं, "बाई, त्रुटी दूर करायची म्हंजे दूर झाल्याचा फोटो काढायचा. तुमी फिकीर करू नका."

दुसऱ्या दिवशी जिनिंगमधल्या लाल टाक्या टेम्पोतून आल्या, भिंतीवर चढल्या, फोटो निघाला. संध्याकाळी जिनिंगचा माणूस त्या परत न्यायला आला. तालुक्यातल्या आणखी दोन शाळांना त्याच टाक्यांवर फोटो काढायचे होते. बाई दारात उभ्या. "फोटो निघाला तवाच त्या पोरींच्या झाल्या. जा माघारी." माणूस गेला. बाईंनी विजयाच्या आनंदात एक टाकी अंगणात नेऊन पोरींसमोर दाबून दाखवली. तिच्यातून फुस्स झालं, आणि थोडी पांढरी भुकटी बाईंच्या पायावर पडली. पोरी पोट धरधरून हसल्या. बाईही हसल्या. मग एक टाकी शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन त्या परभणीला भरून आणायला निघाल्या. शाल तीच, साहेबाने न घेतलेली.

एसटीत कंडक्टरने अडवलं. "सिलेंडर गाडीत चालत न्हाई बाई."

"आरं बाबा, हे आग लावायचं न्हाई, इझवायचं हाय."

"सिलेंडर ते सिलेंडर."

गाडी अडली. लोक बेजार झाले. शेवटी ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "बसू दे रं. माझ्या मागंच ठेवा बाई, इंजिन तापलं तर हाताशी असंल." अशा त्यांनी सगळ्या टाक्या एकेक करून नेल्या आणि आणल्या. तोवर त्या गाडीचे सगळे कंडक्टर त्यांना ओळखायला लागले होते.

गॅसच्या टाक्या मागच्या पत्र्याच्या शेडात गेल्या. त्यांच्यामागून स्वयंपाकीण सरुबाईही गेली, आणि उन्हाने भाजली की बाईंच्या नावाने बोटं मोडायची. राहिली ती दुसरी वाट. मागची भिंत फोडून दार काढायचं तर बाहेरून खाली उतरायला लोखंडी जिना पाहिजे. दादांनी हात वर केले. पण बाईंना एक बातमी कळली होती. दादांच्या बंगल्याला बाहेरून एक लोखंडी जिना होता. कुण्या वास्तुवाल्याने सांगितलं की त्या दिशेला जिना असणं घराला बाधतं, म्हणून दादांनी तो कापून जिनिंगच्या आवारात टाकला होता. बाई जाऊन बसल्या. "दादा, तुमाला नडला तो जिना. आमच्याकडं वास्तू न्हाई, नुसती बिल्डिंग हाय. आमाला काय बाधतंय?" दादांना कधी नव्हे ते हसू आलं. जिना आला, वेल्डिंगवाल्याने बसवला, गवंड्याने भिंत फोडून दार काढलं. त्याला आतून एक लांब कडी. कुलपाचा कोयंडा बाईंनी मुद्दाम लावू दिला नाही.

गेटाचा पत्रा निघाला, पितळी कुलूप उतरलं. मग सुरू झाली तालीम. बाई घंटा बडवायच्या आणि ओरडायच्या, "चप्पल न्हाई, दप्तर न्हाई, जीव घ्या आन् चला!" पोरी कडी सरकवून धडाधडा जिना उतरायच्या आणि मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली ओळीने उभ्या राहायच्या. सगळ्यांच्या मागून बाई उतरायच्या. खाली आल्या तरी लगेच ओळीकडे बघायच्या नाहीत. आधी मागे वळून दाराकडे बघायच्या, कुणी राहिलं का म्हणून. पोरींना हा खेळ भयंकर आवडला. एकटी आरती घाबरायची. लोखंडी पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसायची. बाई तिच्यापुढे उलट्या पावली उतरायच्या, तिचे दोन्ही हात धरून. "खाली नको बघू आरती माय, माझ्याकडं बघ." आठवड्याभराने ती सगळ्यांच्या आधी लिंबाखाली पोचायला लागली, आणि बाईंनी ते साऱ्या गावाला सांगितलं. तेवढे दिवस मी बाईंना जितकं खूश बघितलं, तितकं नंतर कधी बघितलं नाही.

दसरा झाला. ट्रक यायला लागले.

आरतीचा बाप परमेश्वर पहिला आला, बायकोला घेऊन. ट्रंक वर गेली. तो गेटापाशी आला आणि सवयीने म्हणाला, "लावा बरं बाई एकदा." बाईंनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. साहेब, पत्रा, पोरींचं अडकणं, नवं दार, जिना. तो ऐकत होता. मग वर गेला. कडी सरकवली, दार उघडलं, लोखंडी जिन्याने उतरला, मागच्या तुरीच्या रानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. तूर डोक्याबरोबर आली होती. तिथून त्याने दाराकडे बघितलं आणि परत आला.

"हितं कुलूप?"

"न्हाई. आतून कडी हाय. भायेरून कुणाच्या बापाला उघडत न्हाई. मी सोता बघितलंय."

"भायेरून न्हाई उघडत," परमेश्वर म्हणाला. "पर आतून?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या घराला आतून कडी न्हाई का परमेश्वर?"

"घरात आमी असतोत की बाई."

"हितं मी हाय."

"तुमी हाव, मान्य हाय. तुमच्यावर भरोसा हाय मपला. पर मी तिकडं पाच-सहा महिने उसात. टोळीतली माणसं इचारतेत, पोरगी कुठं ठिवली? बाईकडं ठिवली, असं सांगून भागत न्हाई. कुलपात ठिवली का, ते इचारतेत. मी काय सांगू? दार काढलंय म्हणू?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो विनवण्या करत होता, हीच पंचाईत होती. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बाईंनी त्याला सरळ केलं असतं. आरतीची आई भिंतीला टेकून पदर चावत उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "तू तर बोल गं माय." ती म्हणाली, "मी काय बोलू बाई? तितं गेल्यावर मलाच ऐकावं लागतंय." मग ट्रंक खाली आली.

ही बातमी वाड्या-तांड्यांवर वाऱ्यासारखी गेली. लोक पोरीला सोडायला नव्हे, दार बघायला यायला लागले. कडी सरकवून बघायचे, तुरीकडे बघायचे आणि मान हलवायचे. तो जिना दादांच्या घराला बाधलेला होता हेही कुणीतरी आठवणीने सांगितलं. बाईंनी काय नाही केलं! दाराला घंटा बांधली, कडी हलली की सगळी इमारत दणाणावी अशी. लोक म्हणाले, घंटा वाजून काय होतंय, पोरगी गेल्यावर? बाईंनी स्वतःची खाट वर नेऊन दारात आडवी टाकली. मग त्यांनाच आठवलं की वाटेत खाट म्हणजे साहेबाच्या हिशेबाने पुन्हा त्रुटी. खाट परत खाली आली. त्या मोठमोठ्याने हसल्या, पण मला ते हसणं बघवलं नाही.

दादा आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "एक कुलूप लावा बाई मागं. तपासणीच्या दिवशी काढून ठेवा. सगळा मुलूख हेच करतोय. पोरी तरी ऱ्हातील." खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. पोर उसाच्या फडात जाण्यापेक्षा कुलपात राहिलेली काय वाईट? आग काय रोज लागते? मी तसं बोललोही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "न्हाई लागत सर. मलाबी तेच वाटतंय. लागणारच न्हाई." आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून पितळी कुलूप काढलं आणि वेल्डिंगवाल्याला कोयंडा बसवायला बोलावलं. माझी बायको तेव्हा तिथे होती. त्याने कोयंडा बसवला. बाईंनी कुलूप हातात घेतलं, दार ओढलं, कोयंड्यात अडकवलं. दाबायचं तेवढं राहिलं होतं. तशाच त्या उभ्या राहिल्या. बायको सांगते, खोलीत उरलेल्या दोन-चार पोरी अभ्यास करत होत्या, त्यांतली एकही वर बघत नव्हती, पण एकीचंही पान उलटत नव्हतं. बाईंनी कुलूप काढून घेतलं, वेल्डिंगवाल्याला म्हणाल्या, "काढ बाबा हे, चुकलं माझं." आणि माझ्या बायकोला जिन्यात म्हणाल्या, "त्या दिवशीचा आरतीचा आवाज ध्यानात हाय वो. हात न्हाई धजला."

पोरी गेल्या. एकेक करून नव्हे, ट्रक भरभरून गेल्या. एकीचं लग्न दिवाळीच्या सुट्टीतच उरकल्याचं कळलं. बाई तिच्या घरी गेल्या होत्या, पण उशिरा. घरच्यांनी त्यांना चहा दिला. बाईंनी तो बशीतही ओतला नाही. उरलेल्या दोन-चार जणींना संस्थेने तालुक्याच्या दुसऱ्या वसतिगृहात हलवलं. तिथे गेटाला कुलूप आहे, मी बघितलंय.

थंडी पडल्यावर एकदा बाई हातात मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. तिकडच्या फडातून आरतीचा फोन होता. बाईंनी सगळ्यांना ऐकू जावं असा लावला. "कशी हायेस आरती माय?" "बरी हाय बाई." मग ती काय काय सांगत राहिली. पहाटे उठून स्वयंपाक करते, मग मोळ्या बांधते, धाकट्या भावाला सांभाळते. पाढे म्हणते अधूनमधून, सरांना सांगा. बाईंनी विचारलं, "राहता कुठं गं?" "कोपी हाय बाई, उसाच्या पाचटाची." "दाराला कडी हाय ना चांगली?"

पोर हसली. "कोपीला दारच न्हाई बाई. पोतं लावलंय."

फोन बंद झाला. माझ्या बायकोने चहा ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पाडव्याला येतील की परत." बाई म्हणाल्या, "येतेत ना." मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. कुणावर ओरडावं, तेच कळत नव्हतं. साहेब बरोबर होता. परमेश्वरही त्याच्या परीने बरोबर होता. आणि बाईंइतकं बरोबर तर कुणीच नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास साहेब पुन्हा आला. सांगितलेल्या त्रुटी दूर झाल्या का, ते बघायला. पंच म्हणून सही करायला मला बोलावलं होतं. साहेबाने टाक्या बघितल्या, भरलेल्या. गॅस बाहेर. गेट मोकळं. मागचं दार बोटाने उघडलं. जिना हलवून बघितला, हलला नाही. तो खरोखर आनंदला होता. म्हणाला, "बाई, अख्ख्या जिल्ह्यात मी इतकं नीट काम बघितलं नाही. एकही त्रुटी नाही." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "मुली शाळेत का?"

"उसाला," बाई म्हणाल्या.

त्याला आधी कळलं नाही. मी सांगितलं. त्याचं तोंड पडलं. कागदावर 'तालीम घेतली' असा एक रकाना होता. तो म्हणाला, "राहू द्या, मी तसंच लिहितो." बाईंना ते चाललं नाही. "तसंच कामून? घेऊन दाखवते की."

त्या वर गेल्या. सरुबाईलाही शेडातून बोलावून वर नेलं. घंटा वाजली. "चप्पल न्हाई, दप्तर न्हाई, जीव घ्या आन् चला!" तोच आवाज, तितकाच मोठा. कडी सरकली, दार धाडकन उघडलं. सरुबाई पिठाच्या हातांनी कठडा धरत उतरली आणि लिंबाखाली जाऊन एकटीच ओळीत उभी राहिली. तिच्या मागून बाई उतरल्या, अनवाणी. साहेबाने पेन काढलं. "झालं बाई. छान झालं. या, सही करा."

पुढे आठवड्याभरात वसतिगृह बंद झाल्याचा कागद आला आणि बाई पेडगावला गेल्या. त्या दिवशी मी तालुक्याला गेलो होतो, निरोप द्यायचा राहिला. त्यामुळे माझ्यापुरत्या बाई अजून तिथेच आहेत, लिंबाखाली, साहेबाकडे पाठ करून, वर उघड्या दाराकडे बघत.

"थांबा साहेब," त्या म्हणाल्या. "कुणी राहिलं का बघून येते."

आणि त्या पुन्हा जिना चढून वर गेल्या. साहेब पेन धरून उभा राहिला. मी उभा राहिलो, सरुबाई उभी राहिली. बाई बराच वेळ खाली आल्या नाहीत, आणि आम्ही कुणी त्यांना हाक मारली नाही.